उद्या शाळा आहे का? नाशिकच्या पावसाळी सुटीचा इतिहास

१)
जुलै-ऑगस्टमधील मुसळधार पावसाच्या रात्री नाशिक जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : उद्या शाळा आहे का? मुलांच्या दृष्टीने हा सुटीचा प्रश्न असतो, पालकांच्या दृष्टीने सुरक्षिततेचा आणि प्रशासनाच्या दृष्टीने निर्णयाचा. या साध्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. नदीपात्रातील मूर्ती, तालुका कचेरीतील पर्जन्यमापक, हिमालयातील बर्फ, धरणाचे दरवाजे आणि भ्रमणध्वनीवर येणारा आदेश ही सारी या इतिहासातील पात्रे आहेत.

२)
हवामान पाहून शाळा बंद करण्याचा निर्णय किती गंभीर असू शकतो, याचा धडा जगाला मिळाला तो अमेरिकेत. १२ जानेवारी १८८८ च्या सकाळी नेब्रास्का आणि डकोटाच्या माळरानावर हवा अनपेक्षितपणे उबदार होती. अनेक मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. दिवस चढल्यावर अचानक हिमवादळ कोसळले. कित्येक ठिकाणी ते नेमके शाळा सुटण्याच्या सुमारास आले. अंदाजे २३५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत घराकडे निघालेली मुले इतकी होती की, त्या वादळाला इतिहासात ‘शाळकरी मुलांचे हिमवादळ’ असेच नाव पडले.

३)
विशेष म्हणजे तेव्हा अमेरिकेत हवामानखाते होते. ते लष्कराच्या सिग्नल विभागाकडे होते आणि थंडीच्या लाटेच्या सूचना तारेने पाठवल्या जात. मात्र माळरानावरील एकखोली शाळांपर्यंत तार पोहोचलेली नव्हती. मुलांना सोडायचे की थांबवायचे, हे त्या क्षणी एकट्या शिक्षकाला ठरवावे लागले. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने शाळेचे छप्पर उडाल्यावर मुलांना जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप नेले. सर्वांच्या नशिबी असा शेवट नव्हता.

४)
त्या दुर्घटनेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हवामानाचे मोजमाप हवे. दुसरी, संकट येण्यापूर्वी हाती पुरेसा वेळ हवा. तिसरी, ‘आज शाळा नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवा आणि त्याचा शब्द मूल घराबाहेर पडण्याआधी त्या घरापर्यंत पोहोचायला हवा. नाशिकचा इतिहास या तीन गोष्टी एकेक करून कशा जमत गेल्या, याचा इतिहास आहे. तिसरी गोष्ट तर अजूनही पुरती जमलेली नाही.

५)
आधी भूगोल. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरील नाशिक शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो आणि पूर्वेकडील येवला, मालेगाव या तालुक्यांत ५०० च्या आसपास. जिल्हा एक, पण पाऊस अनेक. इगतपुरीत ओढे रस्त्यावरून वाहत असतात, त्याच दिवशी येवल्याचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. अशा जिल्ह्यात सर्वांसाठी एकच भाकीत करणे मुळातच अवघड.

६)
जुन्या काळी पावसाचे भाकीत नक्षत्रांवरून होई. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस. मेंढा, गाढव किंवा कोल्हा असेल तर बेताचा. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेले ठोकताळे खेडोपाडी तोंडपाठ असत. टिटवीने अंडी कोठे घातली, कावळ्याने घरटे झाडाच्या शेंड्याला बांधले की आतल्या फांदीवर, यांवरून हंगामाचा अंदाज बांधला जाई. हे सारे शेतीच्या नियोजनासाठी होते. पेरणी कधी करावी, याला त्यातून उत्तर मिळे. उद्या सकाळी नदी ओलांडावी का, याला मिळत नसे.

७)
त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाशिककर थेट गोदावरीला विचारत. येथे गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि ‘गंगेला पूर आला’ ही बातमी शहराला सर्वांत आधी सांगतो तो रामकुंडाजवळच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी मूर्तीच्या पायांशी आहे, गुडघ्यांपर्यंत आहे, कमरेला लागले, छातीवर चढले की गळ्याशी आले, यावरून पुराची तीव्रता ठरते. आजही वृत्तपत्रे पुराची बातमी याच भाषेत देतात. शहराच्या मध्यभागी उभी असलेली, निरक्षरालाही वाचता येणारी ही पूरपट्टीच होय.

८)
त्याहून मोठ्या पुराची खूण म्हणजे काठावरील नारोशंकर मंदिराची घंटा. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी हे मंदिर १७४७ मध्ये बांधले. त्यावरील प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतरच्या विजयाची ती निशाणी मानली जाते. पाणी त्या घंटेपर्यंत चढले तर तो महापूर, अशी जनरीत. मूर्ती आणि घंटा यांच्या मोजमापात एकच उणीव होती. नदी आता कोठे आहे, एवढेच त्या सांगत. दोन तासांनी ती कोठे असेल, हे सांगणे त्यांच्या आवाक्यात नव्हते.

९)
इंग्रजी अमदानीत मोजमाप कागदावर आले. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसला, रोज सकाळी पाण्याची उंची नोंदवली जाऊ लागली आणि आकडे वर जिल्ह्याकडे जाऊ लागले. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पर्जन्यमानाबरोबर १८७२ च्या मोठ्या पुराचीही दखल आढळते. तथापि हे आकडे प्रामुख्याने महसुलासाठी होते. किती पाऊस पडून गेला हे सरकारला कळत होते. किती पडणार आहे याचे ज्ञान अद्याप कोणाकडेच नव्हते.

१०)
ते ज्ञान मिळवण्याचा संघटित प्रयत्न १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाच्या स्थापनेने सुरू झाला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फवृष्टी आणि भारतातील पाऊस यांचा संबंध मांडला : हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले, तर पुढचा मान्सून दुबळा राहण्याची शक्यता. काही वर्षांच्या प्रायोगिक अंदाजांनंतर ४ जून १८८६ रोजी मान्सूनचे पहिले अधिकृत दीर्घकालीन भाकीत प्रसिद्ध झाले. नाशिकच्या पावसाचा अंदाज हजार मैलांवरच्या बर्फावरून बांधण्याचा तो काळ.

११)
लवकरच भाकिताची दुसरी बाजू उघडी पडली. ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात पाऊस रुसला आणि त्या शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक देशावर कोसळला. वृत्तपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. त्यानंतर काही वर्षे मान्सूनचे अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. चुकलेले भाकीत लोकांचा विश्वास घालवते आणि लपवलेले भाकीत लोकांच्या उपयोगी पडत नाही. पुढे शाळेच्या सुटीचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यासमोर हाच पेच येणार होता.

१२)
१९०४ ते १९२४ या काळात विभागाची धुरा सांभाळणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबांचा परस्परसंबंध शोधला. आज ‘एल निनो’ची चर्चा ज्या पायावर होते, तो तेथे घातला गेला. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते; पुण्यातील अनेक तरुण त्या नावाच्या चौकातून रोज जातात, पण नावामागचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामानशास्त्राचे एक मोठे केंद्र पुण्यातच राहिले.

१३)
नाशिकच्या पुराला पहिल्यांदा ‘वेळापत्रक’ मिळाले ते गंगापूर धरणामुळे. शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर बांधलेले हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्र्यंबकेश्वर परिसरात पडलेले पाणी आता आधी जलाशयात थांबू लागले आणि किती सोडायचे हे माणूस ठरवू लागला. विसर्ग मोजला जातो क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर. विसर्ग वाढवण्यापूर्वी इशारा देता येतो आणि ते पाणी रामकुंडावर पोहोचेपर्यंत घाटावरचे विक्रेते टपऱ्या हलवू शकतात. मूर्तीपाशी कधीच नसलेला थोडा अवधी शहराच्या हाती आला.

१४)
धरण झाले म्हणून पूर थांबला नाही. १९६९ च्या महापुराने ते अवघ्या चार वर्षांत दाखवून दिले. जलाशय भरल्यानंतर येणारे पाणी सोडावेच लागते. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस आणि नासर्डी, वाघाडी यांसारख्या उपनद्यांचे पाणी धरणाच्या ताब्यात नसते. आणखी खाली, निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरी या गावांना तर गोदावरी आणि दारणा या दोन्ही नद्यांचा हिशेब करावा लागतो. इगतपुरीत पडलेला पाऊस दारणेतून त्यांच्या दारात येतो, मग गावात स्वतः थेंबही पडलेला नसो.

१५)
मोजमाप होते, थोडा वेळही मिळाला. मात्र अधिकाराचा प्रश्न बाकी होता. तो ऐरणीवर आणला २६ जुलै २००५ च्या मुंबईने. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी, त्याच शहरातील कुलाब्याला नोंद झाली फक्त ७३ मिलिमीटरची. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय घडते आहे याचा अंदाज आला नाही. हजारो मुले शाळांत, बसमध्ये आणि रस्त्यात अडकली. अनेकांनी रात्र शाळेच्या बाकांवर काढली. शाळा भरून गेल्यावर घेतलेला सुटीचा निर्णय मुलांना सुरक्षित जागेतून धोक्यात ढकलू शकतो, हे तेव्हा कळले.

१६)
त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. त्यामागे भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांचाही अनुभव होता. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले आणि जिल्हाधिकारी त्याचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर निघणारे शाळाबंदीचे आदेश आज याच कायद्याच्या आधारे काढले जातात. ‘आज शाळा नाही’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार अशा रीतीने एका निश्चित टेबलावर येऊन स्थिरावला. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला पुन्हा महापूर आला, तेव्हा शहरात सर्वांत मोठी चर्चा झाली ती पूररेषांची. निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द तेव्हापासून नाशिककरांच्या बोलण्यात रुळले.

१७)
आदेशाला आधार लागतो तो हवामान विभागाच्या रंगांचा. हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. शब्दांमागे आकडे आहेत : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. काही दिवस आधीचा जिल्हानिहाय अंदाज आणि अगदी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा, असे दोन्ही आता मिळतात. महसूल मंडळांत बसवलेल्या ‘महावेध’ प्रकल्पाच्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रांमुळे राज्यात गावपातळीच्या जवळ जाणारे मोजमाप शक्य झाले.

१८)
तरीही निर्णय सोपा होत नाही. इशारा लाल असूनही दुसऱ्या दिवशी ऊन पडले, तर थट्टा होते. सुटी दिली नाही आणि ओढ्याला पूर आला, तर जीव जातो. या दोन चुका सारख्या नाहीत, म्हणून प्रशासन बहुधा सावधगिरीकडे झुकते. मात्र सावधगिरीचीही किंमत असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरावी लागते. शाळा बंद म्हणजे दुपारचे शालेय जेवणही बंद. आदिवासी भागात अनेक मुलांसाठी तो दिवसातील सर्वांत भरवशाचा घास असतो.

१९)
४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला मोठा पूर आला आणि दुतोंड्या मारुती पाण्यात बुडाला. तो दिवस रविवार होता. शाळा मुळातच बंद असल्याने मुले घरी होती. पंचांगाने, हवामान विभागाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी न दिलेली ही सुटी दिनदर्शिकेची होती. असा योगायोग दर वेळी घडत नाही. पूर वार पाहून येत नाही आणि म्हणूनच आदेश आदल्या संध्याकाळी निघणे महत्त्वाचे ठरते. सकाळच्या सत्रातील मुलांची रिक्षा उजाडण्याच्या सुमारासच दाराशी येते. त्यानंतर निघालेला आदेश फक्त कागदावर वेळेत असतो.

२०)
हिवाळ्याची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातील कडाक्याच्या थंडीचे नाव निघाले की निफाड आठवते. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद राज्यभर बातमी होते. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पारा २ अंशांखाली उतरला होता. द्राक्षबागायतदार अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मुळांना पाणी देतात. मात्र थंडी पुरासारखी तासाभरात येत नाही, तिची चाहूल काही दिवस आधी लागते. त्यामुळे थंडीत शाळा सहसा बंद होत नाही, तिची वेळ पुढे सरकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांची झोप हे त्याचे मुख्य कारण, पण हिवाळ्याच्या पहाटेला त्याचा लाभ आपोआप मिळाला.

२१)
आर्क्टिक प्रदेशातही शाळा बंद करणारा खरा शत्रू थंडी नव्हे. तेथे उणे तीस अंशांतही मुले शाळेत जातात. भीती असते ती वारा आणि उडणारे बर्फ यांची. कॅनडात वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर किंवा अधिक आणि दृष्टीचा पल्ला ४०० मीटर किंवा कमी, अशी स्थिती काही तास टिकणार असेल तर हिमवादळाचा इशारा दिला जातो. वाट दिसत नाही म्हणून शाळा बंद. नाशिकच्या घाटमाथ्यावरही नेमका हाच नियम लागू पडतो. पावसामुळे शाळा बंद होत नाही, वाट बुडते म्हणून होते.

२२)
याचे ठळक उदाहरण त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाडा. तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तोल सावरत पाणी आणणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि २०२२ च्या आरंभी तेथे लोखंडी पूल उभा राहिला. त्याच वर्षीच्या जुलैमधील पुरात तो वाहून गेला. अशा पाड्यांवर शाळा बंद करण्याचा आदेश नदीच काढते. पेठ आणि सुरगाण्यातील बहुतेक पाणी तर पश्चिमेकडे अरबी समुद्राला जाते. रामकुंडावरचा मारुती त्यांच्या पुराबद्दल काहीच सांगू शकत नाही. निवासी आश्रमशाळांत प्रश्न आणखी उलटा होतो. तेथे अचानक दिलेली सुटी म्हणजे मुलांना भरलेल्या ओढ्यांतून घरी धाडणे. सुरक्षितता कित्येकदा शाळेतच थांबण्यात असते.

२३)
दीडशे वर्षांत मोजमाप मूर्तीच्या गुडघ्यापासून उपग्रहापर्यंत पोहोचले. हाती मिळणारा वेळ शून्यापासून काही दिवसांवर गेला. अधिकारही निश्चित झाला. शिल्लक राहिले ते शेवटचे अंतर : जिल्ह्याच्या टेबलापासून ओढ्यापलीकडच्या घरापर्यंतचे. १८८८ मध्ये नेब्रास्काच्या शाळेत तार पोहोचली नव्हती. आज सह्याद्रीतील काही पाड्यांवर पावसात भ्रमणध्वनीची रेंज जाते. तेथे शिक्षक आणि पालक ओढ्याचे पाणी पाहून जे ठरवतात, तोच खरा निर्णय असतो.

२४)
म्हणून यापुढील सुधारणा फक्त अधिक अचूक रडारने होणार नाही. संपूर्ण जिल्ह्याऐवजी तालुका आणि मंडळ पाहून दिलेली सुटी, आदल्या संध्याकाळी निघालेला आदेश, मुख्याध्यापकाला परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मोकळीक आणि वाहून न जाणारा पूल, या चार गोष्टी त्या शेवटच्या अंतरासाठी लागतात. यांतील पहिल्या तीन गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. चौथीला लागतो, आणि पावसाळ्यात मुलांची वाट अडते ती बहुधा तिच्याच अभावी.

#नाशिक #गोदावरी #हवामानाचा_इतिहास